हक्क मागायला जाताना या चुका टाळा

तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं एक टेबल असतं. तिथे स्वयंसेवक म्हणून बसायला लागले तेव्हा मला वाटायचं, लोकांना मूलभूत हक्क समजावून सांगावे लागतील. तसं काही झालं नाही. 'घटनेने अधिकार दिलाय' हे वाक्य मोलमजुरी करणारी बाईही ठणकावून बोलते, आणि ते ऐकून मला आजही उभारी येते. माणसं अडकतात ती त्यापुढे. दाद कोणाविरुद्ध मागायची, कोणाकडे मागायची आणि त्यासाठी हातात कोणता कागद हवा, इथे गाडी रुतते. रोज दिसणाऱ्या चुका सांगते, त्या टाळता येण्यासारख्या आहेत.

नेल्याची वेळ लिहून न ठेवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक मावशी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात मुलाचं आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो. "चौकशीला म्हणून नेला, अजून सोडला नाही." कधी नेलं? "परवा." किती वाजता? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "घड्याळ नाही बघितलं ताई, पण पहिली एसटी गेली नव्हती."

अटकेच्या कागदावर मात्र वेळ होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातची. खाली साक्षीदार म्हणून त्यांच्याच दिराची सही. त्यांनी वाचलं नव्हतं. घाबरलेला माणूस वाचत नाही, सही करून मोकळा होतो.

अनुच्छेद २२(२) सांगतो की अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं पाहिजे. हे २४ तास कागदावरच्या वेळेपासून मोजायचे नसतात. माणसाला उठून घरी जाण्याची मोकळीक उरली नाही, तिथून ते सुरू होतात. मुंबई उच्च न्यायालयाने हे १९९० मध्येच स्पष्ट केलंय. 'चौकशी' म्हटल्याने अटक टळत नाही. पण मोकळीक केव्हा संपली हे दाखवायचं कसं? म्हणून नेल्याबरोबर घरातल्या कोणीतरी एका नातेवाइकाला मेसेज टाकावा: कोणी नेलं, कुठे नेलं, किती वाजता. त्या मेसेजवर वेळ आपोआप पडते. चौकातल्या दुकानाला कॅमेरा असेल तर त्या दिवसाचं चित्रण पुसू नका, अशी दुकानदाराला विनंती करावी. आणि सही करण्याआधी वेळेचा रकाना वाचावा. चुकीची वेळ असेल तर सहीशेजारी आपल्या हाताने 'वेळ मान्य नाही, पहाटे नेले' एवढं लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

मावशींच्या अर्जात आम्ही तेच लिहिलं: 'गावातून सुटणारी सहा-दहाची पहिली एसटी जाण्यापूर्वी.' सोबत डेपोच्या वेळापत्रकाचा फोटो जोडला. दंडाधिकाऱ्यांनी त्यावर खुलासा मागवला.

दुसरा कागद म्हणजे अटकेची कारणं. ती तोंडी सांगून भागतं असं पूर्वी चालायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की कोणताही गुन्हा असो, कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागण्यासाठी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी हातात पडलीच पाहिजेत. तेव्हा वकील उभा राहताच त्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की कारणांचा कागद कधी मिळाला आणि कोणत्या भाषेत.

मग येते ती अर्ध्या मिनिटाची वेळ. रिमांडच्या आधी दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" बाजूला पोलीस उभे. पोरगा मान हलवतो, 'नाही.' रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, 'तक्रार नाही' अशी ओळ पडते आणि महिन्यानंतर मारहाणीचा विषय काढला की तीच ओळ पुढे येते. बोलायचं असेल तर ते इथेच, अंगावरच्या खुणा दाखवून, वैद्यकीय तपासणीची मागणी करून. नातेवाइकांनी आदल्या दिवशी एवढी एक गोष्ट त्याच्या कानावर घातली तरी पुष्कळ.

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे बहुतेकांना माहीतच नाही. कायद्यानेच ती घ्यायला मनाई आहे. कोऱ्या कागदावरच्या सहीबद्दल तर बोलायलाच नको. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, तो अनुच्छेद २०(३).

हेबियस कॉर्पसचं, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा म्हणणाऱ्या याचिकेचं, नाव हल्ली सगळ्यांना पाठ असतं. पण दंडाधिकाऱ्यांनी रीतसर कोठडी दिल्यावर ती याचिका सहसा टिकत नाही, तिथे जामीन किंवा रिमांडच्या आदेशाला आव्हान हा रस्ता. आणि एमपीडीएखाली, म्हणजे पुढे गुन्हा करू नये म्हणून आधीच अडकवून ठेवणाऱ्या राज्याच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केलेल्याला २४ तासांचा नियम लागूच होत नाही. त्याचं संरक्षण अनुच्छेद २२(५) मध्ये आहे: कारणं कळवणं आणि त्याविरुद्ध म्हणणं मांडायची लवकरात लवकर संधी देणं. मराठीच येणाऱ्या माणसाला इंग्रजी कागदांचा गठ्ठा दिला म्हणून स्थानबद्धतेचे आदेश रद्द झालेले आहेत. तो गठ्ठा घरी कपाटात ठेवू नका, वकिलाला दाखवा.

सगळ्या भांडणांत रिट याचिका शोधणं

सोसायटीने पार्किंग नाकारलं, कंपनीने कामावरून काढलं, खासगी क्लासने फी परत केली नाही. 'समानतेच्या हक्कावर गदा आली' म्हणून लोक थेट उच्च न्यायालयात रिट याचिकेची, म्हणजे हक्कासाठी तिथून आदेश मागण्याची, भाषा करतात. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. राज्यसंस्था म्हणजे काय ते अनुच्छेद १२ सांगतो: केंद्र, राज्य, ग्रामपंचायत, महापालिका, सरकारी मंडळं. घटनापीठाने २०२३ मध्ये बहुमताने १९ आणि २१ हे अनुच्छेद खासगी व्यक्तींविरुद्धही वापरता येतील असं म्हटलंय हे खरं, पण पार्किंगच्या भांडणासाठी आजही सहकार खात्याचा निबंधक किंवा सहकार न्यायालयच गाठायचं असतं. कामावरून काढलं तर कामगार आयुक्त, फीसाठी ग्राहक आयोग.

याच्या उलटी चूक मला जास्त लागते. काही हक्क घटनेने शेजाऱ्याविरुद्ध, मुकादमाविरुद्ध, हॉटेलवाल्याविरुद्धसुद्धा दिलेत आणि तिथेच लोक गप्प बसतात. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, पाणवठे यांच्या वापराबाबत जात-धर्मावरून अडवता येणार नाही, असं अनुच्छेद १५(२) म्हणतो. त्यातला 'तलाव' हा शब्द वाचताना महाड आठवतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिवाणी दाव्याला तोंड द्यावं लागलं. अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन वहिवाट आहे, असं वादींचं म्हणणं. ती वहिवाट सिद्ध झाली नाही हा उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चमध्ये आला. पालिकेच्या तळ्यावर पाणी पिण्यासाठी दहा वर्षं! आज ती वहिवाट सिद्ध झाली तरी तिची किंमत शून्य आहे. पाणवठ्यावर अडवलं तर निवेदन घेऊन फिरू नका, अॅट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांत फिर्याद द्या.

ऊसतोडीचंही तेच. आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही म्हणून मुकादमाने जोडप्याला कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, अडकवून ठेवलं, पोराला ओलीस धरलं, की लोक म्हणतात, 'पैशांचा व्यवहार आहे, घेतलेत तर फेडायला हवेत.' नाही. अनुच्छेद २३ वेठबिगारीला बंदी करतो आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्जच रद्द ठरतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांतांकडे करायचा. अडकवून ठेवलेल्या जागेचा पत्ता, गट नंबर, कारखान्याचं नाव लिहायचं. उचलीचा हिशेब त्यात मांडत बसू नका.

जमिनीला मूलभूत हक्क समजणं

सात-बारा पुढे करून कोणी 'हा माझा मूलभूत हक्क' म्हणतो तेव्हा मला थांबवावं लागतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. आता तो अनुच्छेद ३००-अ मध्ये आहे: कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही. फरक शब्दांचा नाही. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात थेट जाता येतं ते मूलभूत हक्कांसाठी, म्हणून जमिनीसाठी अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. हक्क त्यामुळे दुबळा होत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शिरवणे इथल्या शेतकऱ्यांची जमीन १९६४ मध्ये औद्योगिक वसाहतीसाठी घेतली, मोबदला दिला नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'फार उशीर झाला' ही सबब नाकारून त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण त्या भरवशावर बसू नये, उशिरामुळे बाहेर पडलेल्या याचिकाही आहेत.

निवेदन दिलं, पोहोच घेतली नाही

दहा जण कार्यालयात जातात, साहेबांच्या हाती निवेदन देताना फोटो काढतात, पेपरात छापून येतं. सहा महिन्यांनी वकील विचारतो, आवक क्रमांक? कोणाकडेच नसतो. परमादेशाची, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणाऱ्या आदेशाची, याचिका करताना न्यायालय आधी पाहतं की अधिकाऱ्याकडे मागणी केली होती का आणि त्याने नाकारली का. फोटोने मागणी सिद्ध होत नाही. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. एका निवेदनात एकच मागणी लिहावी. रस्ता, रेशन, दारूबंदी आणि शाळेची खोली एकत्र लिहिली की ते कोणत्याच टेबलाचं राहत नाही. उपोषणाचा इशारा खाली जोडायचा असेल तर जोडा, तोही हक्क आहे, पण वरची मागणी नेमकी असू द्या.

माहिती अधिकाराचा अर्ज लोक ३० दिवस धरून करतात. माहिती कोणाच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ती ४८ तासांत द्यायची आहे. तसं अर्जात ठळक लिहावं लागतं आणि का ते एका ओळीत सांगावं लागतं.

'माझा हक्क' एवढंच म्हणून थांबणं

समोरच्याला विचारा, कोणत्या नियमाने अडवताय? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या म्हणाले, सरकारने नकार दिला. देशात चीन युद्धाच्या वेळची आणीबाणी लागू होती. तरी उच्च न्यायालय आणि मग १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्यांच्या बाजूने उभं राहिलं, कारण पुस्तक बाहेर पाठवायला मनाई करणारा नियमच नव्हता. स्थानबद्धाच्या स्वातंत्र्यावरही नियमात लिहिलंय तेवढाच निर्बंध, त्यापलीकडे नाही. सभेला परवानगी नाकारली, दाखला अडवला, वाचनालय बंद केलं, प्रत्येक वेळी आदेश लेखी मागा आणि त्यात कलम लिहायला लावा. पुष्कळदा कलम शोधतानाच अडथळा विरघळतो.

शेवटची चूक, पैसे नाहीत म्हणून वकील न करणं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी न्यायालयातच आमच्यासारखं टेबल असतं, नाहीतर १५१०० वर फोन करता येतो. मावशी आल्या तेव्हा त्यांनी वकिलासाठी पिशवीच्या तळाशी रुमालात पैसे बांधून आणले होते. मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं त्यांनी. वकीलपत्रावर मुलाची सही घेऊन आल्यावर मी त्यांना तो रुमाल परत बांधायला सांगितला.