लेखनगट टिकवायचा तर आधी अभिप्राय द्यायला शिका

सहा माणसं जमवा, आठपेक्षा जास्त नकोत. पंधरवड्यातून एकदा, ठरलेला वार, दोन तास. जागा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मागा. कोणाच्या घरी भरवू नका. यजमान पोह्यांच्या तयारीत अडकतो आणि त्या दिवशी त्याचं लिखाण राहतं.

आल्याआल्या वीस मिनिटं सगळ्यांनी तिथेच लिहायचं. मग तिघांचं वाचन, प्रत्येकी आठशे शब्द, म्हणजे साधारण आठ मिनिटं. ऐकणाऱ्यांसाठी कागदी प्रती आणायच्या. फोनवर समासात पटकन खूण करणं अवघड जातं.

इथपर्यंत कोणालाही जमतं. गट मोडतात ते वाचन संपल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत.

माझा पहिला गट चार महिन्यांत बंद पडला. सुरुवातीला प्रत्येक वाचनानंतर ‘वा, छान!’ एवढंच. मग कोणीतरी म्हणालं, खरं बोलू या. खरं बोलणं म्हणजे चुका काढणं, असा अर्थ आम्ही घेतला. एका बाईंनी वऱ्हाडी संवादांची कथा वाचली. ती वाक्यं प्रमाण मराठीत कशी बसतील ते मी त्यांना सांगितलं, वर शेवटही सुचवला. त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या कथेत ज्या जागी माझा जीव गुंतला होता, त्या जागा मी त्यांना सांगितल्याच नव्हत्या. ती खंत अजून आहे.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. वाचण्याआधी लेखकाने एकच नेमका प्रश्न ठेवायचा: ‘आजोबांचा राग पटतो का?’ ‘कसं वाटलं?’ चालत नाही. वाचन झालं की दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, आपापल्या प्रतीवर खुणा करायच्या. नाहीतर पहिला बोलतो त्याच्यामागे सगळे वाहवत जातात. मग प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी काय दिसलं, काय कळलं ते सांगा. मग लक्ष कुठे उडालं ते, वाक्यावर बोट ठेवून. मग लेखकाच्या प्रश्नाचं उत्तर. ‘मी असतो तर...’ हे वाक्य गिळून टाका. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने प्रतीवर दाखवा, चर्चेत आणू नका. बोलीला हात लावायचा नाही.

या सगळ्या वेळात लेखकाने गप्प बसायचं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 1936 साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेशी ही रीत जोडली जाते, आणि तिच्यावर टीकाही बरीच झाली आहे. ऐकणाऱ्यांना लेखकाचं जग ठाऊक नसेल तर चर्चा भलतीकडे जाते आणि त्याला ती थांबवता येत नाही. टीका रास्त आहे. म्हणून आधीचा तो प्रश्न, आणि शेवटी लेखकाला पाच मिनिटं. पण मधलं मौन मी सोडणार नाही. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ असं लेखकाने सांगितलं की ऐकणाऱ्याला न कळलेलंही कळल्यासारखं वाटतं, आणि कथेतली फट तशीच राहते. दिवाळी अंक उघडून बसलेल्या वाचकाशेजारी तुम्ही नसता.

पुस्तक आलेल्या सदस्याला सर्वांत शेवटी बोलू द्या. गटात एकदा कोणी ‘सर’ झाले की नवखे त्यांना आवडेल असंच लिहू लागतात. घड्याळ दर वेळी वेगळ्याकडे.

कविता दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा दुसऱ्या कोणी तरी. परका आवाज जिथे अडखळतो तिथे ओळ कच्ची असण्याचा संभव असतो. आणि गाऊन दाखवू नका. पुण्यात 1923 साली जमलेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केलं, मैफलीत ते शोभतंही. पण खर्डा गायला की शब्दांची उणीव गळा भरून काढतो.

घरी सगळ्या प्रती शेजारी शेजारी मांडा. तिघांनी एकाच वाक्यापाशी खूण केली असेल तर तिथे काम करा. उपाय मात्र तुमचा तुम्ही शोधा. एकट्याची खूण दोन दिवस बाजूला राहू द्या. दुसरा खर्डा महिन्याभराने त्याच गटासमोर आणा. दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर पहिलं वाचन उन्हाळ्यातच उरका, म्हणजे पावसाळ्यात पाठवण्याआधी तिसऱ्या खर्ड्याला वेळ उरतो.