पियानोच्या अ‍ॅक्शनला घरच्या घरी तेलपाणी करताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की संभाजीनगर असो नाहीतर लातूर, घरात पियानो असणाऱ्यांची एकच तक्रार, पट्टी दाबली की दाबलेलीच राहते. आणि लगेच हात जातो शिलाई मशीनच्या तेलाकडं. कृपा करून थांबा. अ‍ॅक्शनच्या, म्हणजे पट्टी दाबली की तारेवर हॅमर (छोटा हातोडा) आपटणाऱ्या यंत्रणेच्या सांध्यात लोखंडावर लोखंड घासत नाही, तिथं जेमतेम 1.3 मिमी जाडीची पिन लोकरीच्या फेल्टमधून फिरते, फेल्ट तेल पिऊन घेतं, त्यावर धूळ बसते, चिकटा होतो आणि एकदा का तेल लाकडात मुरलं की ते काढणं लई अवघड. खोबरेल तर त्याहून वाईट, ते 24 डिग्रीच्या खाली थिजायला लागतं, म्हणजे डिसेंबरात सगळंच जड.

स्प्रेचे डबे, डब्ल्यूडी-40 असो की सिलिकॉन, अ‍ॅक्शनजवळ नकोच. फवारा उडून तारा ताणून धरणाऱ्या ट्यूनिंग पिनांपर्यंत गेला तर पिना सैल पडतात, मग पियानो सुरात राहत नाही.

दुसरी चूक म्हणजे अडकतंय कुठं ते न बघताच सगळीकडं काहीतरी लावत सुटणं. आधी पट्टी हातानं वर उचलून बघा. पट्टीच घट्ट असेल तर दोष खालच्या पिनांपाशी, कधीकधी तर दोन पट्ट्यांच्या मधे नाणं पडलेलं असतं. पट्टी मोकळी आहे पण हॅमर सावकाश मागं येतोय, तर हॅमरच्या सांध्यातलं फेल्ट दमट हवेनं फुगलंय.

या सांध्यासाठी घरचं हत्यार म्हणजे मेडिकलवरची साधी 1 किंवा 2 मिलीची सिरिंज. पण सुई तशीच वापरू नका, टोक फेल्ट फाडतं, म्हणून बारीक पॉलिश पेपरवर घासून ते बोथट करा आणि आत साचलेला चुरा पाणी मारून काढून टाका. सिरिंजमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्यात थोडं पाणी. सॅनिटायझर चालत नाही, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, चिकट होतं. फेल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक थेंब, बास. ओलं असताना फेल्ट अजून फुगतं आणि पिनेवर दाबलं जातं, वाळलं की मोकळं होतं, म्हणून लगेच फरक दिसला नाही तरी दुसरा डोस देऊ नका, एक दिवस थांबा. बाहेरच्या जुन्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका, डाग पडतो.

चामड्याच्या भागांना ओलं काहीच नको. आइस्क्रीमच्या काडीला गाडी पुसायच्या शॅमॉय लेदरचा तुकडा चिकटवा, त्यावर टेफ्लॉनची बारीक पावडर घेऊन चामड्यावर चोळा, जास्तीची ब्रशनं झटका. टाल्कम पावडर वापरतात बरेच जण, पण ती दमट हवेत गोळा होते. कापसाचे बड्स पण नको, तंतू सुटून सांध्यात जातात.

पट्टीखालच्या पितळी दिसणाऱ्या पिना काळ्या पडल्या असतील तर पट्ट्या काढूनच पुसा, आणि काढायच्या आधी प्रत्येकीवर नंबर आहे का ते बघा, नसेल तर पेन्सिलनं टाका, 88 पट्ट्या नंतर जुळवत बसणं म्हणजे डोक्याला ताप. पितळ चमकवायचं लिक्विड थेट पिनेवर ओतलं की ते खालच्या फेल्टच्या चकतीत उतरतं, त्यामुळं कापडाला लावून वरवर घासा आणि कोरड्या कापडानं पुसून घ्या.

एवढं करूनही हॅमर दोन-तीन दिवसांनी घट्टच असेल तर पिन बदलावी लागेल, फेल्टचं भोक मोजून पिन बसवायचं ते काम टेक्निशियनकडंच द्या.