जुनी बोलेरो किंवा स्कॉर्पिओ घेताय? आधी खाली वाकून बघा

मी पाटण तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. कोयनेच्या खोऱ्यातल्या डोंगरावरच्या वाड्यांवर भर पावसातही जावं लागतं, आणि तिथल्या रस्त्यांवर लहान गाडीचं पोट घासतं. शाळामास्तर असो, दूधसंस्थेचा सचिव असो की शेतकरी, नवी गाडी परवडत नसली की आमच्याकडे नजर जाते ती आठ-दहा वर्षं वापरलेल्या बोलेरोवर, नाहीतर स्कॉर्पिओवर. माझीही जुनीच घेतलेली आहे. ओळखीतलं कुणी गाडी बघायला निघालं की मी आवडीनं बरोबर जाते. बहुतेक ठिकाणी सारखंच चालतं. बॉनेट उघडतात, इंजिन सुरू करतात, एसी लावून बघतात आणि भाव करायला बसतात. गाडीच्या खाली कुणी डोकावत नाही.

या दोन्ही गाड्या चॅसीवर बांधलेल्या आहेत. खाली लोखंडी सांगाडा आणि त्याच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. इंजिन बिघडलं तर मेस्त्री बांधून देतो, गिअरबॉक्स उतरवून नीट करता येतो, सीटा बदलता येतात. पण चॅसी सडलेली किंवा वाकलेली असली, किंवा कागद कुठे अडकलेले असले, तर कितीही पैसा ओतला तरी ती गाडी धड होत नाही. म्हणून मी आधी चॅसी बघते, मग कागद, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

चॅसी

बघायला दिवसाउजेडी जा. गाडी कोरडी हवी, कारण ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि पोचे दिसत नाहीत. बरोबर हातातली बॅटरी (टॉर्च), जाडसर स्क्रू-ड्रायव्हर आणि अंगाखाली टाकायला एक पोतं घ्या.

मागच्या बाजूनं सुरुवात करा. चाकांनी उडवलेला चिखल मागच्या चाकांच्या वरच्या आणि मागच्या भागात साठतो, आणि धुणारा माणूस तिथपर्यंत पोचत नाही. बॉडी जिथे चॅसीवर रबराच्या गोळ्यांवर बसते त्या जागा, बोलेरोचे मागचे पाटे (स्प्रिंगा) जिथे अडकवलेले असतात ती ब्रॅकेटं, आणि आडव्या पट्ट्यांचे जोड नीट बघा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. मग टोकानं दाबून बघा. वरवर तांबूस गंज असेल तर घाबरायचं कारण नाही, आपल्याकडच्या पावसात तो येतोच. पापुद्रे सुटत असतील किंवा टोक आत जात असेल तर तिथूनच मागे फिरा.

दहा वर्षांच्या गाडीच्या खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर तो कशासाठी मारला ते विचारा. नुसती निगा म्हणूनही कुणी मारतो, पण त्याच्या आड वेल्डिंगचे टाकेही लपतात. बोटं फिरवलीत की टाका हाताला लागतो. एमएच ०७ किंवा ०८ ची, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची गाडी असेल तर इथे दुप्पट वेळ द्या. खाऱ्या हवेत जोडांच्या आतून गंज धरतो.

वाकलेली चॅसी ओळखायची एक सोपी रीत आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश चालवायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहून बघा. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जायला हवीत. गाडी तिरकी होऊन चालताना दिसली तर तिला मोठा मार बसलाय. पुढच्या बंपरच्या मागे चॅसीची दोन टोकं असतात, त्यांवर सुरकुती किंवा हातोड्यानं सरळ केल्याच्या खुणा आहेत का तेही बघा. चॅसी नंबर ठोकलेली जागा स्वच्छ पुसून नंबर स्वतः वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. आजूबाजूला घासल्याची खूण असेल तर पुढचं काही बघू नका.

पुरातली गाडी

आमच्या भागात हे विसरून चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला महापूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून परत विक्रीला आल्या. पुराचं पाणी वायरिंगमध्ये शिरलं की लगेच काही कळत नाही. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत एकेक जोड हिरवा पडत जातो, आणि कधी सेल्फ लागत नाही तर कधी दिवे जातात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाचा डाग राहून जातो, तो धुवायचं कुणाला सुचत नाही. पायाखालचं मॅट उचलून खालच्या फोमला हात लावा, वास घ्या. सीटांचे बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डच्या खाली कोपऱ्यात वाळलेली बारीक माती आहे का, फ्यूजच्या खोक्यात पांढरी-हिरवी भुकटी आहे का, ते बघा. स्टेपनीची जागाही तपासा. सगळी गाडी जुनी आणि आतलं कापड तेवढं कोरं करकरीत असेल तर ते का बदललं याचं उत्तर मालकाकडून मिळायलाच हवं.

कागद

आरसीवरची तारीख आधी. खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ पर्यंत. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी चारचाकीला पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. बारा-तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्यानं हा खर्च आजच्या भावातच धरावा.

एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्ज आहे का ते बघा. ई-चलनंही त्याच वेळी तपासा. दंड गाडीच्या नंबरावर असतो, तो थकलेला असला की नाव बदलताना अडतं. ‘एचपी’, म्हणजे बँकेचं किंवा पतसंस्थेचं नाव आरसीवर असेल तर नुसतं ‘कर्ज फिटलंय’ हे शब्द धरू नका. फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) आणि कर्ज देणाऱ्या संस्थेची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, हातात मिळाला पाहिजे. पतसंस्था बंद पडलेली असेल तर ही एनओसी मिळवताना माणूस रडकुंडीला येतो, हे मी जवळून पाहिलंय.

गाडी पूर्वी वडापला, म्हणजे भाड्यानं माणसं वाहायला, होती का, तेही विचारा. पिवळ्या पाटीची पांढरी करून घेतलेली गाडी बेकायदा नसते, पण तिनं रोज पंधरा-वीस माणसं वाहिलेली असू शकतात. मागच्या दाराच्या बिजागऱ्या सैल, मागची पायरी झिजलेली आणि टपावर कॅरिअरचे भोक बुजवलेले दिसले की समजा. दिल्ली पासिंगच्या गाड्याही स्वस्तात येतात. हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधन आलं, म्हणून त्या बाहेर निघू लागल्या. अशी गाडी घ्यायचीच तर इथला रोड टॅक्स भरून एमएच नंबर पडल्यावर घ्या. ‘टॅक्सचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याला आधी पैसे देऊ नका.

आणि आरसीवरचं नाव न बदलता नुसत्या नोटरीच्या कागदावर गाडी फिरवू नका. हे मी विकणाऱ्यालाही तितक्याच कळकळीनं सांगते. आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या समोरासमोर करा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मागताना कंपनी बोट ठेवते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यापाशीच राहतो.

इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. डिझेल इंजिनाचं दुखणं थंड असतानाच कळतं. सेल्फ लांबतोय का, पहिल्या काही सेकंदांत पुढच्या बाजूनं खडखड येते का, एखादा सिलिंडर चुकतोय का, कान देऊन ऐका.

धूर बघायला एक माणूस मागे उभा करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. रेस केल्यावर काळा ढग आला तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेचा फिल्टर, यांपैकी काहीतरी आहे. यात फिल्टर स्वस्त, बाकीचं महाग. एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओला चार इंजेक्टर, आणि ते सगळे एकदम काढायची वेळ आली तर खिशाला मोठं भगदाड पडतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. पाणी मात्र इंजिन थंड असतानाच बघा, गरम झाकण उघडून हात भाजून घेऊ नका.

मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून उचला. थोडी वाफ येणं साहजिक आहे. धूर भसाभसा बाहेर येत असेल, झाकण वर उडत असेल, तर मेस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली गळणं, सुरू झालंय. अशा इंजिनाला काम निघणार हे धरून चाला आणि तेवढे पैसे भावातून कमी करा, किंवा दुसरी गाडी बघा.

मीटरवरच्या किलोमीटरला मी फारशी किंमत देत नाही. बाजारात बैल घेताना शेतकरी मालकाच्या तोंडचं वय ऐकून घेतो पण दात स्वतः बघतो, तसंच इथे क्लचच्या पॅडलचं रबर, स्टेअरिंगची कड आणि ड्रायव्हरची सीट बघायची. सत्तर हजार चाललेल्या गाडीचं पॅडल गुळगुळीत होत नाही. सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहिलेले असतात.

चालवून बघताना

गावातल्या गल्लीत नको, चढ असलेल्या रस्त्यावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये चढाला रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपत आली. गाडी उचलताना खालून ‘टक’ आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस असतो, ते किरकोळ काम आहे. वेग वाढेल तसा मागून घुमणारा आवाज वाढत गेला तर डिफरन्शिअल मेस्त्रीला दाखवा. मोकळ्या रस्त्यावर हात किंचित सैल सोडून ब्रेक लावा, गाडी एका बाजूला ओढते का ते कळेल. फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ देणारी) असेल तर कच्च्या, सैल मातीवर नेऊन ते प्रत्यक्ष लावून बघा. वर्षानुवर्षं न वापरल्यानं ते अडकून बसलेलं असतं. टायरवर शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच धरा.

एक गोष्ट मी पालकांना हमखास सांगते. जुन्या बोलेरोत मागे ज्या समोरासमोरच्या आडव्या सीटा असतात, तिथे मुलांना बसवू नका, त्यांना बहुधा बेल्टच नसतात. एअरबॅग आणि एबीएसही (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं अडकू न देणारी सोय) प्रत्येक मॉडेलला नव्हते. २०१६ मध्ये गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं बिगर-एअरबॅगची स्कॉर्पिओ आदळून पाहिली, तिला मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. मागे चिकटवलेल्या मॉडेलच्या अक्षरांवर जाऊ नका, ती बाजारात सुटी मिळतात. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो कुणीतरी मुद्दाम काढून ठेवलेला असू शकतो. दोन गाड्यांच्या भावात तीस-चाळीस हजारांचाच फरक असेल तर एअरबॅगवाली घ्या.

सगळं मनासारखं असलं तरी बयाणा देण्याआधी तुमच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी रॅम्पवर चढवा. विकणाऱ्यानं सुचवलेल्या गॅरेजमध्ये नको. मेस्त्रीची मजुरी खळखळ न करता द्या. मालक गाडी तिथे न्यायला तयार नसेल तर ती गाडी सोडा, बोलेरो आणि स्कॉर्पिओ आपल्याकडे भरपूर आहेत. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शिअलचं ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि सगळे फिल्टर बदलून घ्या, आणि त्या बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहून घ्यायला सांगा.