ब्रॉडकास्टिंग: एरर न देता उत्तर बिघडवणाऱ्या या चुका टाळा

नमपायमध्ये, म्हणजे पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत, दोन अ‍ॅरेंचे (आकड्यांच्या मांडण्यांचे) शेप, म्हणजे प्रत्येक मितीतली लांबी, जुळले नाहीत की एरर येते आणि आपण वैतागतो. पण त्या एररने आपल्याला वाचवलेलं असतं. भीती असते ती जुळायला नको असलेले शेप जुळण्याची. कोड विनातक्रार चालतो, आकडाही येतो, फक्त तो चुकलेला असतो.

वेगळ्या शेपचे अ‍ॅरे आपोआप जुळवून घेण्याला ब्रॉडकास्टिंग म्हणतात. त्याचा नियम आधी पक्का करून घ्या. शेपची तुलना उजवीकडून सुरू होते. समोरासमोर आलेल्या मिती सारख्या हव्यात, नाहीतर त्यांतली एक १ हवी. एखाद्या अ‍ॅरेला मिती कमी पडल्या तर डावीकडे १ धरला जातो. म्हणून (४, ३) सोबत (३,) चालतो, (४,) चालत नाही. लांबी ४ आणि लांबी २ हेही जमत नाही. आर भाषेत छोटा व्हेक्टर आपोआप पुन्हा वापरला जातो, त्यामुळे तिकडून येणारे इथे हमखास अडखळतात.

सगळ्यात महागात पडते ती (न,) आणि (न, १) यांची गल्लत. समजा खरी उत्तरं (१००००,) शेपमध्ये आहेत आणि मॉडेलचे अंदाज (१००००, १) मध्ये. वजाबाकी केल्यावर १०,००० फरक मिळायला हवेत. मिळतात १० कोटी, कारण प्रत्येक अंदाजातून प्रत्येक उत्तर वजा होतं. आकडे फ्लोट६४ (प्रत्येकी ८ बाइट) असतील तर त्यालाच ८०० एमबी मेमरी लागते. डेटा लहान असला तर मेमरीवरूनही सुगावा लागत नाही. पुढे वर्ग करून सरासरी काढली की सगळा घोळ एका आकड्यात दडतो आणि मॉडेल खराब आहे असं समजून आपण भलतीकडेच शोधत बसतो. उपाय सोपा आहे: अंदाज ‘रॅव्हल’ने सपाट करा आणि वजाबाकीच्या आधीच्या ओळीत दोन्ही शेप सारखे असल्याचा ‘असर्ट’ (अट खोटी निघाली तर कोड थांबवणारी तपासणी) टाका. ही ओळ लिहायचा कंटाळा करू नका.

दुसरा सापळा चौरस मॅट्रिक्सचा. [[१, ३], [२, ६]] मधली प्रत्येक ओळ तिच्या बेरजेने भागायची आहे. ‘अ‍ॅक्सिस=१’ देऊन ओळीओळीची बेरीज काढली की [४, ८] मिळतात, शेप (२,). भागाकारात हे ४ आणि ८ ओळींना न लागता स्तंभांना लागतात. उत्तर येतं [[०.२५, ०.३७५], [०.५, ०.७५]]. ओळींची बेरीज १ यायला हवी, येते ०.६२५ आणि १.२५. मॅट्रिक्स २ × ३ असता तर लगेच एरर आली असती. बेरीज करतानाच ‘कीपडिम्स=ट्रू’ द्या, शेप (२, १) राहतो आणि दोन्ही ओळी [०.२५, ०.७५] होतात. टेस्टसाठी चौरस मॅट्रिक्स घेऊच नका. ३ × ५ सारखा शेप घ्या. ज्युलिया भाषेत मिती डावीकडून जुळवतात, त्यामुळे तिथे याच दोन शेपचा भागाकार ओळींवर होतो. कोड एका भाषेतून दुसरीत नेताना हे तपासाच.

आता स्वतःच्या फंक्शनबद्दल. आत ‘इफ’ असेल आणि अ‍ॅरे दिला तर नमपाय सत्य-असत्य ठरवता येत नाही म्हणून अडतं. मग बरेच जण फंक्शन एकेका घटकावर चालवणारं ‘व्हेक्टराइज’ लावतात. ते सोयीचं आहे, वेगवान नाही. आत साधा लूपच चालतो. शिवाय आउटपुटचा प्रकार पहिल्या घटकाच्या उत्तरावरून ठरतो. फंक्शनने पहिल्यांदा ० परत केला आणि पुढे ०.५, तर त्या ०.५ चाही ० होतो. आउटपुटचा प्रकार ठरवणाऱ्या ‘ओटाइप्स’मध्ये फ्लोट सांगा, किंवा फंक्शनमधून ०.० परत करा.

‘इफ’ऐवजी अटीनुसार दोनांपैकी एक उत्तर निवडणारं ‘व्हेअर’ फंक्शन वापरणं बहुतेक वेळा बरं, पण त्याला दिलेल्या दोन्ही बाजू आधीच पूर्ण मोजल्या जातात. त्यामुळे शून्याने भागण्याची वॉर्निंग येतच राहते. भागाकार टाळायचाच असेल तर ‘डिव्हाइड’ फंक्शनला कुठे भागायचं ते सांगणारं ‘व्हेअर’ आर्ग्युमेंट द्या आणि सोबत ‘आउट’मध्ये, म्हणजे उत्तर लिहायच्या जागी, शून्यांनी भरलेला फ्लोट अ‍ॅरे. ‘आउट’ दिला नाही तर वगळलेल्या जागी मेमरीत जे काही पडलेलं असेल तेच उत्तर म्हणून हातात येतं.