रविवारी दुपारी दोनचा आकडा: कॉलेज फुटबॉलची क्रमवारी नव्याने आलेल्यांनी कशी वाचावी

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कोलंबस, ॲन आर्बर, ऑस्टिन किंवा टस्कलूसासारख्या विद्यापीठाच्या गावात बस्तान बसवायला आलात की पंधरा दिवसांत एक गोष्ट कानावर पडायला लागते. लॅबमध्ये, ऑफिसात, केस कापायच्या दुकानात, जो तो संघाच्या नावाआधी एक आकडा लावून बोलतो. ‘नंबर थ्री ओहायो स्टेट.’ ‘अनरँक्ड (म्हणजे पहिल्या पंचविसात नसलेला) व्हँडरबिल्ट.’ हा आकडा म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या विद्यापीठ संघांच्या क्रमवारीतला क्रमांक. तो कुठून येतो आणि दर आठवड्याला का हलतो, हे एकदा समजून घ्या. डिसेंबरपर्यंत गावातलं निम्मं बोलणं कळेल आणि तुमच्या शनिवारांचं गणितही सुटेल.

सगळ्यात आधी डोक्यातून आयपीएलची गुणतालिका काढून टाका. आपल्याकडे दहा संघ, प्रत्येकाचे चौदा सामने, जिंकलं की दोन गुण. वाद घालायला जागाच नाही. इथे सर्वोच्च गटात २०२५ साली १३६ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाचे सामने फक्त बारा. बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. मग कोण वरचढ हे ठरवायचं कसं? मतदानाने. ही क्रमवारी म्हणजे जाणकारांचं दर आठवड्याला नोंदवलेलं मत आहे, हिशेब नाही. हा फरक मनात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं आहे.

सर्वांत जुनी आणि मानाची क्रमवारी असोसिएटेड प्रेसची, म्हणजे एपी पोल. १९३६ पासून ती दर आठवड्याला निघते. पहिल्या वर्षी शेवटी मिनेसोटा अव्वल होता. देशभरातले साठच्या आसपास क्रीडा पत्रकार आणि समालोचक आपापली १ ते २५ अशी यादी पाठवतात. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं उतरत पंचविसाव्याला १. सगळ्यांची बेरीज केली की क्रमवारी तयार.

एक ओळ जवळून पाहू. समजा ६२ मतदार आहेत. एका संघाला ४० जणांनी पहिलं, १५ जणांनी दुसरं आणि ७ जणांनी तिसरं ठेवलं. म्हणजे १०००, अधिक ३६०, अधिक १६१, एकूण १५२१. यादीत संघाच्या नावापुढे कंसात ४० दिसेल. ती पहिल्या क्रमांकाची मतं. मग विजय-पराभव आणि शेवटी १५२१. सगळ्या ६२ जणांनी पहिलं ठेवलं असतं तर १५५० झाले असते. नवखे लोक फक्त डावीकडचा क्रमांक बघतात, पण खरी माहिती या गुणांत असते. चौथ्या आणि पाचव्यात सहा गुणांचं अंतर असेल तर ते दोघे बरोबरीत समजा. दीडशेचं असेल तर मधे भिंत आहे. यादीखाली ‘मतं मिळालेले इतर संघ’ अशी एक ओळ असते. त्यातल्या पहिल्या संघाला लोक बोलताना सव्विसावा म्हणतात, पण अधिकृतपणे तो अनरँक्डच असतो.

प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी असते, तिला कोचेस पोल म्हणतात. ती १९५० पासून आहे आणि गुण देण्याची रीत तीच. फरक पारदर्शकतेचा: एपीच्या प्रत्येक मतदाराची यादी कुणालाही पाहता येते, प्रशिक्षकांची मात्र नियमित हंगामाच्या शेवटचीच जाहीर होते. दोन्ही सहसा एक-दोन जागांच्या फरकाने सारख्याच असतात, त्यामुळे नव्या माणसाने एकट्या एपीकडे लक्ष ठेवलं तरी पुरे.

एपी पोल रविवारी दुपारी दोन वाजता येतो, पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार. घरी फोन लावलेला असेल तर तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळं मागे गेली की साडेबारा. पहिल्या आठवड्याची यादी मात्र मंगळवारी येते, कारण लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत सामने चालू असतात.

आता खरा प्रश्न: आकडा हलतो कसा? जिंकणारा संघ सहसा जागा राखतो आणि वरचा कुणी हरला की एक पायरी चढतो. सुट्टीच्या आठवड्यात, म्हणजे बाय वीकमध्ये, न खेळताही संघ वर सरकतो तो यामुळेच. हरल्यावर किती घसरण होईल हे कुणाकडून हरलात, कुठे, किती फरकाने आणि हंगामात कधी, यावर ठरतं. उदाहरणं शेजारी ठेवून बघा. ३० ऑगस्ट २०२५ ला अव्वल टेक्सास तिसऱ्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटकडून त्यांच्याच मैदानावर १४-७ असा हरला आणि सातवा झाला. ५ ऑक्टोबर २०२४ ला अव्वल अलाबामा नॅशव्हिलमध्ये अनरँक्ड व्हँडरबिल्टकडून ४०-३५ हरला. तोही सातवाच झाला. हार जास्त लाजिरवाणी होती, पण आदल्याच शनिवारी अलाबामाने दुसऱ्या क्रमांकाच्या जॉर्जियाला ४१-३४ हरवलं होतं. ती कमाई मतदारांनी हिशेबात धरली. (व्हँडरबिल्टच्या पोरांनी त्या रात्री गोलपोस्ट उखडून शहराच्या रस्त्यांवरून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत टाकले. अव्वल संघाला हरवणं म्हणजे काय, ते या एका दृश्यात कळतं.) नोटर डेम मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ हरला आणि पाचव्यावरून थेट अठराव्यावर गेला, गाठीशी बाकी फारसं काही जमलेलं नव्हतं. सगळ्यात मोठी पडझड २००७ ची. पाचव्या क्रमांकाचा मिशिगन खालच्या गटातल्या ॲपलाचियन स्टेटकडून ३४-३२ हरला आणि पंचवीसच्या यादीतूनच बाहेर पडला.

नोटर डेमची पुढची गोष्ट महत्त्वाची आहे: त्याच हंगामात तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सप्टेंबरची हार भरून निघते, नोव्हेंबरची क्वचितच.

म्हणूनच ऑगस्टमधली, एकही सामना होण्याआधीची यादी मनावर घेऊ नका. ती गेल्या वर्षीच्या कामगिरीवर, परत आलेल्या खेळाडूंवर आणि विद्यापीठाच्या नावावर बांधलेली असते. २०२५ च्या त्या यादीत पेन स्टेट दुसरा होता आणि क्लेमसन चौथा. हंगाम संपला तेव्हा दोघंही यादीत नव्हते. इंडियाना विसावा होता आणि जानेवारीत तोच एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. अडचण अशी की या यादीचा परिणाम रेंगाळतो. वर सुरुवात केलेला संघ जिंकत राहिला तर वरच राहतो, आणि खालून आलेल्याला तेवढंच जिंकूनही वाट बघावी लागते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा जुना रंग उडतो. तोवर आकड्यापेक्षा संघ कुणाशी खेळला हे बघा.

त्यासाठी एक साधी सवय पुरते. आपल्या गावच्या संघासाठी वहीत तीन रकाने आखा: प्रतिस्पर्धी, सामन्याच्या दिवशी त्याचा क्रमांक, आणि आजचा क्रमांक. टीव्हीवर ‘रँक्ड संघावर विजय’ म्हणतात तेव्हा बहुधा दुसरा रकाना सांगत असतात. सप्टेंबरमध्ये बाराव्या संघाला हरवलं आणि तो नोव्हेंबरात अनरँक्ड झाला, तर त्या विजयाचं वजन उतरलेलं असतं. तिसरा रकाना हे लगेच दाखवतो.

नोव्हेंबरच्या तोंडावर खेळ बदलतो आणि बहुतेक नवखे इथेच गोंधळतात. कॉलेज फुटबॉल प्लेऑफची, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीची, निवड समिती आपली स्वतंत्र क्रमवारी मंगळवारी संध्याकाळी जाहीर करायला लागते. त्या दिवसापासून टीव्हीवर संघाच्या नावाआधी दिसणारा आकडा समितीचा असतो, एपीचा नाही. गेल्या शनिवारी आठवा होता तो न हरता अकरावा कसा झाला, असं वाटलं तर यादी बदलली आहे का ते आधी तपासा. समिती आठवड्यागणिक कोऱ्या कागदावरून सुरुवात करते. प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आपसातले सामने आणि सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी बघते. एपीचं काम मानाचं, समितीचं काम प्रवेशाचं. प्लेऑफमध्ये कोण जाणार हे फक्त समिती ठरवते.

आपसातल्या सामन्याचं वजन कसं पडतं ते २०२५ मध्ये लख्ख दिसलं. मायामीने पहिल्याच आठवड्यात नोटर डेमला २७-२४ हरवलं होतं. दोघंही १०-२ वर, म्हणजे दहा विजय आणि दोन पराभवांवर संपले, तरी समितीने आठवडेच्या आठवडे नोटर डेमला वर ठेवलं, आणि शेवटून दुसऱ्या यादीत दोघांच्या मधे ब्रिगम यंग विद्यापीठाचा संघ होता. मग ब्रिगम यंग आपल्या कॉन्फरन्सचा (विद्यापीठांच्या साखळी-गटाचा) अंतिम सामना हरून खाली आला, दोघं शेजारी आले, आणि शेजारी आल्यावर थेट लढत मोजली गेली. मायामी दहावा, नोटर डेम अकरावा आणि बाहेर. त्या शनिवारी दोघांपैकी कुणीही खेळलं नव्हतं. आणि २०२३ मध्ये, प्लेऑफमध्ये चारच जागा असताना, फ्लोरिडा स्टेट १३-० असूनही पाचवा ठरला, कारण क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, जखमी होता. हा निर्णय आजही तिथल्या लोकांच्या जिव्हारी लागलेला आहे. त्या विद्यापीठाच्या गावी, टॅलाहासीत, राहायला जाणार असाल तर हा विषय जपून काढा.

२०२४ पासून प्लेऑफ बारा संघांचं आहे. क्रमवारी आणि सीड (प्लेऑफच्या तक्त्यातला मानांकन क्रमांक) या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या होत्या: २०२४ मध्ये क्रमवारीतल्या वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना प्रवेश आणि त्यातल्या पहिल्या चौघांना पहिले चार सीड राखून ठेवल्यामुळे बारावा असलेला ॲरिझोना स्टेट चौथा सीड झाला, सोळावा क्लेमसन आत आला आणि अकरावा अलाबामा बाहेर राहिला. २०२५ पासून सीड सरळ क्रमवारीनुसार देतात. नियम असे हलत राहतात, म्हणून दर ऑगस्टला त्या वर्षीचे नियम वाचा. जुन्या मित्राने सांगितलेले धरू नका.

पाच ते आठ सीडना पहिल्या फेरीचा सामना घरच्या मैदानावर मिळतो. २०२४ मध्ये डिसेंबरच्या विसाव्या-एकविसाव्याला साउथ बेंड, स्टेट कॉलेज, ऑस्टिन आणि कोलंबस या गावांत हे सामने झाले. परीक्षा आटोपून अनेक विद्यार्थी तेव्हा घरी गेलेले असतात. तुम्ही मुंबईचं तिकीट जानेवारीचं काढलं असेल, तर असा सामना बघायची ही चांगली संधी.

आकड्याचा तुमच्या दिनक्रमाशी संबंध असा. किकऑफची, म्हणजे सामना सुरू होण्याची, वेळ टीव्ही कंपन्या ठरवतात, आणि अनेक सामन्यांसाठी ती फक्त बारा दिवस आधी, कधी सहाच दिवस आधी कळते. क्रमांक जितका वर, तितकी संध्याकाळच्या प्रकाशझोतातल्या सामन्याची शक्यता जास्त. घरच्या सामन्याच्या शनिवारी विमानतळावर कुणाला आणायला जायचं, घर बदलायचं किंवा पूजा ठेवायची ठरवू नका. सामना साडेतीन तास चालतो, रस्ते त्याआधी आणि नंतरही तुंबतात. कॅम्पसवर गाडी असेल तर शुक्रवारी ‘लॉट रिकामा करा’ असा मेल येतो. तो वाचला नाही तर गाडी टो होते आणि सोडवायला भरपूर डॉलर मोजावे लागतात. स्टेडियममध्ये बहुतेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. पाठीवरची सॅक गेटवरून परत पाठवतात. विद्यार्थी तिकिटांची विक्री अनेक ठिकाणी उन्हाळ्यातच उरकते, म्हणून प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात चौकशी करा.

नावांची गफलत टाळा. मायामी दोन आहेत, एक फ्लोरिडात आणि एक ओहायोत. क्रमवारीत दिसतो तो बहुधा फ्लोरिडाचा. ओएसयू म्हणजे ओहायो स्टेट, ओक्लाहोमा स्टेट किंवा ओरेगन स्टेट, गाव बघून अर्थ लावा. यूटी ऑस्टिनमध्ये टेक्सास, नॉक्सव्हिलमध्ये टेनेसी.

आणि एका आठवड्यात क्रमांक बाजूला ठेवायचा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस, मिशिगनशी सामना असतो तेव्हा, ओहायो स्टेटच्या कॅम्पसवर पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल टेपची फुली मारलेली दिसेल. त्या शनिवारी कोलंबसमध्ये मिशिगनच्या रंगांचा पिवळा-निळा शर्ट घालून दूध आणायलाही जाऊ नका.