वेल्समधील पावसाळी ओकवन कसे पाहावे : फेस्टिन्योगच्या दरीतील एक दिवस

वायव्य वेल्समधील एरेरी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे पूर्वी स्नोडोनिया या नावाने परिचित असलेल्या प्रदेशात, दुइरिद नदीची फेस्टिन्योग दरी आहे. या दरीच्या दोन्ही उतारांवर जुनी ओकवने टिकून आहेत. उत्तरेकडील उतारावर कोइदिद मायन्तुरोग हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, तर दक्षिणेकडे, प्रसोर नदीच्या खोल घळीला लागून, कोइद वेलेन्‌रीड आणि ह्लेनिर्ख ही वने आहेत. ब्रिटनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे आणि त्यांच्याकडे सुटीत आलेले आईवडील वेल्सला आले की बहुधा स्नोडनचे शिखर आणि एखादा किल्ला पाहून परततात. या ओकवनांसाठी एक संपूर्ण दिवस वेगळा ठेवावा आणि शिखर व रान एकाच दिवसात बसवण्याचा मोह टाळावा, असा माझा आग्रह आहे. दूरवरचा देखावा येथे फारसा नाही. जे आहे ते झाडाच्या सालीवर आणि दगडाच्या कडेवर आहे, आणि ते पाहण्यासाठी पावलोपावली थांबावे लागते.

ही वने समशीतोष्ण वर्षावने म्हणून ओळखली जातात. अटलांटिक महासागरावरून येणारे ओलसर वारे येथील डोंगरांना अडतात, पाऊस वर्षभर विखरून पडतो, हिवाळा फार कडक नसतो आणि उन्हाळा फार तापत नाही. त्यामुळे ओकच्या खोडांवर आणि फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि लायकेन यांचे जाड आवरण तयार होते. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हेही लायकेनच आहे, त्यामुळे मराठी घरातील माणसाला हा जीव अगदीच अनोळखी नाही. लायकेनला मुळे नसतात. पाणी आणि पोषण ते थेट हवेतून आणि पावसातून घेते, म्हणून हवा दूषित झाली की त्याच्या नाजूक जाती आधी नाहीशा होतात. येथे त्या अजून आहेत, हे या दरीचे मोठे भाग्य आहे.

पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. सोबत लहान भिंग घ्यावे. एखाद्या जुन्या ओकपाशी थांबून आधी बुंधा, मग छातीच्या उंचीवरील साल आणि शेवटी वरच्या फांद्या अशा क्रमाने पाहिल्यास ध्यानात येते की प्रत्येक पातळीवरील वनस्पती वेगळ्या आहेत, कारण ओलावा आणि उजेड यांचे प्रमाण प्रत्येक ठिकाणी बदलते. ओढ्याजवळच्या सावलीतील खडकांवर पारदर्शक पातळ पानांचे छोटे नेचे दिसतात. त्यांचे पान बहुतेक भागात एका पेशीइतकेच जाड असते आणि हवा थोडी कोरडी झाली तरी ते आक्रसते, म्हणून ते घळीच्या तळाशी, पाण्याच्या तुषारांच्या आसपासच टिकते. त्याला बोट लावू नये आणि शेवाळाचा एक तुकडाही उचलू नये. या कारणानेच मी लखलखीत उन्हाच्या दिवसापेक्षा ढगाळ, नुकताच पाऊस होऊन गेलेला दिवस निवडण्यास सांगतो : ओली झाल्यावर लायकेन फुगते, त्याचा हिरवा रंग उघड होतो आणि रान खऱ्या अर्थाने जिवंत दिसते.

ऋतूंपैकी मे महिन्याचा पूर्वार्ध मला सर्वांत उत्तम वाटतो. ओकची पालवी तेव्हा कोवळी असते, जमिनीवर निळ्या घंटेसारखी ब्लूबेलची फुले असतात आणि आफ्रिकेतून परतलेले थिरथिरे, काळेपांढरे माशीमार आणि रानवटवटे सकाळी गात असतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात अळंब्या आणि पानगळ पाहायला मिळते. हिवाळ्यात पाने नसल्यामुळे फांद्यांवरील लायकेन उत्तम दिसते, परंतु डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारू लागते, हे ध्यानात ठेवून सकाळीच निघावे. जूनमध्ये याच्या उलट, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

गाडी नसलेल्या प्रवाशाने रेल्वेचाच मार्ग धरावा. लंडनच्या यूस्टन स्थानकातून किंवा मँचेस्टरहून ह्लानदिदनो जंक्शनला यावे आणि तेथून कॉनवी खोऱ्यातून जाणाऱ्या शाखेने ब्लायनाय फेस्टिन्योग गाठावे. या शाखेवर दिवसभरात मोजक्याच गाड्या असतात, म्हणून परतीची वेळ आधी ठरवून मगच तिकीट काढावे. बर्मिंगहॅमकडून येणाऱ्यांना माखन्हलेथमार्गे किनाऱ्याने मिनफोर्दपर्यंत येता येते. दोन्ही ठिकाणी फेस्टिन्योग रेल्वे ही अरुंद रुळांची जुनी गाडी मिळते. ही गाडी १८३६ मध्ये ब्लायनायच्या खाणींतील पाटीचा दगड पोर्थमादोगच्या बंदरावर नेण्यासाठी सुरू झाली. तिचे रूळ आपल्या माथेरानच्या गाडीच्या रुळांइतकेच, सुमारे दोन फूट रुंदीचे आहेत. तान-अ-बुल्ख या मधल्या स्थानकावर उतरले की आपण थेट ओकवनातच असतो. निवडलेली गाडी तेथे थांबते की नाही आणि आपल्या तिकिटावर मध्ये उतरता येते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. हिवाळ्यात ही रेल्वे बरेच दिवस बंद असते. स्थानकाजवळून ह्लिन मायर या तळ्याकडे आणि कोइदिद मायन्तुरोगच्या पायवाटांकडे चालत जाता येते. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर तळ्याभोवतालचा हा भाग पुरेसा आहे, त्यापुढे जाण्याची घाई करू नये.

ज्यांच्याकडे गाडी आहे आणि ज्यांचे गुडघे चढउतार सहन करू शकतात, त्यांनी दक्षिणेकडील कोइद वेलेन्‌रीडला जावे. वुडलँड ट्रस्ट ही संस्था या वनाची मालक आहे आणि लगतचे ह्लेनिर्खही तिने आता आपल्या ताब्यात घेतले आहे. १९२८ साली सुरू झालेल्या मायन्तुरोग जलविद्युत केंद्राच्या समोर वनाचे प्रवेशद्वार आहे. वाट सुरुवातीलाच चढते, मुळे आणि ओले दगड यांमुळे ती निसरडी असते आणि पुढे प्रसोरच्या घळीच्या कडेने जाते. ऱ्हायादर दी हा धबधबा याच घळीत आहे. धबधबा जवळून दिसावा म्हणून वाट सोडून कड्याकडे जाऊ नये. मायन्तुरोग गावातून येथे रस्त्याच्या कडेने चालत येण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण वाहनांचा वेग जास्त असतो.

या जागेला एक जुनी कथाही आहे. मध्ययुगीन वेल्श कथांनुसार दक्षिणेचा राजा प्रदेरी आणि उत्तरेचा जादूगार ग्विदियन यांचे द्वंद्वयुद्ध वेलेन्‌रीडपाशी झाले. ग्विदियनने प्रदेरीची डुकरे कपटाने पळवली होती आणि त्यातून युद्ध पेटले; शेवटी जादूच्या बळावर ग्विदियन जिंकला आणि प्रदेरीला मायन्तुरोगजवळ पुरले गेले. कथा आधी वाचून गेल्यास ती घळ अधिक जवळची वाटते.

पायात घोट्यापर्यंतचे, पकड असलेले बूट असावेत आणि अंगावर पाणी आत न येणारे जाकीट असावे. छत्रीचा रानात उपयोग होत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय संस्थेचा ओएल १८ क्रमांकाचा नकाशा कागदावर घ्यावा, कारण घळीत मोबाइलला बहुधा संकेत मिळत नाही. त्यावरील वेल्श नावांची अक्षरे इंग्रजीच्या सवयीने वाचल्यास फसगत होते. येथे नावे शक्यतो वेल्श उच्चाराच्या जवळ लिहिली आहेत. रानात दुकान नाही, त्यामुळे पाणी आणि डबा सोबतच असावा आणि फळांच्या सालींसह सर्व काही परत न्यावे. अपघात झाल्यास ९९९ वर दूरध्वनी करून आधी पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागावे.

वेल्समध्ये शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे, पण तो त्या वाटेपुरताच आहे. फाटक जसे आढळले तसेच, उघडे किंवा बंद, सोडून जावे. वसंतात मेंढ्या वितात, तेव्हा त्यांच्यापासून दूर राहावे आणि कुत्रा दोरीने बांधलेला ठेवावा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. काही उतारांवर झाडी तोडलेली दिसल्यास खेद करू नये : बागांतून रानात पसरलेले ऱ्होडोडेंड्रॉन काढण्याचे काम येथे अनेक वर्षे चालू आहे. त्या झुडपाची सावली बारा महिने इतकी दाट असते की खाली ओकचे रोपही उगवत नाही.

वेळ उरल्यास मायन्तुरोगच्या चर्चच्या आवारातील जुने यू वृक्ष आणि संत तुरोगच्या आख्यायिकेशी जोडलेला दगड पाहावा. वायव्य वेल्सचा पाटीच्या दगडाचा प्रदेश २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरला आणि ब्लायनायभोवतीचे दगडांचे राखाडी ढिगारे त्यातच येतात. राखाडी ढिगारे आणि हिरवे रान यांतले अंतर थोडेच आहे, हे मुद्दाम पाहावे. दरी ग्विनेद परगण्यात आहे आणि २०२१ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ६४ टक्के लोक वेल्श बोलतात. सकाळी ‘बोरे दा’ (सुप्रभात) आणि निघताना ‘दिओल्ख’ (धन्यवाद) म्हटल्यास त्यांना मनापासून आनंद होतो.

मुक्कामी परतल्यावर बुटांचा चिखल घासून धुवावा, कारण झाडांचे रोग त्यातून एका रानातून दुसऱ्या रानात जातात. त्यानंतर पोटऱ्या, गुडघ्यांची मागची बाजू, कंबर आणि मुलांच्या केसांची मुळे गोचिडीसाठी तपासावीत. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, आणि पुढील काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरताना दिसले किंवा ताप आला तर लाइम रोगाची शक्यता सांगून डॉक्टरांना दाखवावे.