आउटबोर्डचा पाण्याचा पंप: या चुका टाळा, माझ्याकडे कमी या

खंडेनवमीला लोक बोटीच्या इंजिनाला झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. त्याच इंजिनाला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला इंपेलर, म्हणजे रबरी चाक, मात्र तीन वर्षांपूर्वीचा असतो. हार दहा मिनिटं उशिरा घातला तरी चालेल, आधी तो बदला.

सिंहगड रोडला माझं छोटं गॅरेज आहे. खडकवासला, पानशेत, मुळशी या बाजूंच्या हौशी बोटी आणि भिगवणच्या एक-दोन नावाड्यांची आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायची, इंजिनं माझ्याकडे येतात. पुण्यात कसल्या बोटी, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय. इंजिन गरम होतंय म्हणून येणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांचं दुखणं त्या मुठीएवढ्या पंपात असतं, आणि ते बहुतेकांनी स्वतःच्या हातानं आणलेलं असतं.

पंप कसा चालतो ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं बोलणं टोचणार नाही. गिअरकेसच्या, म्हणजे खालच्या टोकाच्या गिअरच्या पेटीच्या वर, उभ्या शाफ्टवर रबराचं एक चाक असतं, तोच इंपेलर. त्याला बहुधा सहा पाती. ते ज्या वाटीत फिरतं तिचा मध्य मुद्दाम जरा सरकवलेला असतो, त्यामुळे पाती एका बाजूला दबतात, दुसऱ्या बाजूला उघडतात आणि पाणी वर ढकलतात. वेग वाढला की पाती वाटीच्या भिंतीपासून सुटतात आणि पाणी नुसतं भिरकावून वर जातं. म्हणूनच अर्धमेला इंपेलर फुल थ्रॉटलला निभावून नेतो आणि बोट किनाऱ्याशी हळू आणली की इंजिनाच्या मागून पडणारी, पंप चालतोय हे दाखवणारी पाण्याची धार बारीक होते. "वेगात तर धार मस्त असते हो काका," हे वाक्य मी पुरावा म्हणून धरत नाही. धार बघायची ती आयडलला, म्हणजे इंजिन सर्वांत हळू चालत असताना.

फक्त दोन सेकंद

ही माझी सर्वांत नावडती चूक. ट्रेलरवर उभ्या बोटीचं इंजिन कोरडं सुरू करायचं. का, तर चालू होतंय का बघायचं होतं.

या रबराला पाणी हेच वंगण. पाणी नसेल तर पाती धातूवर घासतात, काही सेकंदांत टोकं चकाकायला लागतात आणि मिनिटभरात करपतात. त्यातही वाईट म्हणजे लगेच काही कळत नाही. इंजिन सुरू झालं, आवाज छान आला, बंद केलं, सगळे खूश.

कोथरूडच्या एका गृहस्थांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या जावयाला आवाज ऐकवला. चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक. एकदा जावयाला, एकदा विहीणबाईंना, आणि तिसऱ्यांदा व्हिडिओ नीट आला नाही म्हणून. पुढच्या शनिवारी पानशेतच्या बॅकवॉटरला अर्ध्या वाटेत धार थांबली. जावई वल्हवत परत आला. दिवाळसणाला त्याला काय दिलं ते मी विचारलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पुढे त्यांनी इंटरनेटवर एक व्हिडिओ बघितला आणि इंपेलर स्वतः बदलला. मला त्याचं कौतुकच आहे, काम अवघड नाही. पण धार आली तरी इंजिन तापतंच. मग दुसरा नवा इंपेलर. तरीही तापतंच. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे आले, चेहऱ्यावर "पार्टच डुप्लिकेट निघाला" असा भाव घेऊन.

मी म्हटलं, "पहिला जुना इंपेलर कुठाय?"

"तो? टाकून दिला. फाटलाच होता."

"किती पाती शिल्लक होती त्याला?"

गप्प. खरी चूक ती. तुटलेलं पातं हवेत विरत नाही. पाण्याबरोबर वर जातं आणि जिथे वाट अरुंद होते तिथे बसतं. मी थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचं झाकण उघडलं, तर आत दोन तुकडे, अगदी झोपल्यासारखे. आणखी एखादा असणार, पण तो सापडेना. दुपार गेली. शेवटी पंपापासून वर जाणारी पाण्याची नळी काढून तिच्यात उलट्या बाजूनं पाणी सोडलं, तेव्हा तो बाहेर पडला, करंगळीच्या नखाएवढा. वर हेडचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्याचं पॅकिंगही तोवर गेलं होतं. दोनदा इंपेलर बदलायचा खर्च आणि हे पॅकिंग मिळून जो आकडा झाला तो ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पार्किंगमध्ये चावी मीच फिरवली होती.

धार आली म्हणजे इंजिनभर पाणी फिरतंय असंही समजू नका. काही मॉडेल्समध्ये धारेची वाट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य अंगात शिरायच्या आधीच फुटते. धार जोरात आणि हेड तापलेलं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

माझी सवय अशी: जुना इंपेलर काढला की पाती मोजायची. एखादं कमी असेल तर तुकडे टेबलावर जुळवून चाक पुरं व्हायला हवं. झालं नाही, तर शोध चालू. घरी पोरांना कोडं जुळवताना बघतो तसंच आहे हे. बाकी वाटेल ते शॉर्टकट मारा, इथे नाही.

कोरडं सुरू करायचंच नाही, तर घरी तपासायचं कसं? हेडफोनसारखे दिसणारे रबरी कप मिळतात. ते दोन्ही बाजूंच्या, पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसवायचे, नळ सोडायचा आणि मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग नळ. गिअर न्यूट्रलला, आणि पंख्यापाशी (प्रोपेलरपाशी) कुणी उभं राहायचं नाही, लहान मुलं तर मुळीच नाही. किंवा मोठं पिंप घ्या, पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर ठेवा आणि पंखा काढून ठेवा. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का ते आधी बघा. गुरुवार, म्हणजे पुण्यात पाणी बंद राहायचा वार, असेल तर दोनदा बघा.

नळी भोकात गेली का?

दुसरी माझी लाडकी. गिअरकेस परत वर चढवताना तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: शाफ्टचे दाते, गिअरची दांडी आणि पाण्याची नळी. पहिल्या दोन जुळल्या नाहीत तर केस वर बसतच नाही, त्यामुळे त्या सगळे जुळवतात. नळी मात्र रबरी बुचाच्या शेजारून गुपचूप निसटते. बोल्ट आवळले जातात, सगळं चकाचक दिसतं आणि नवाकोरा पंप पाणी भलतीकडेच फेकत बसतो. मी त्या बुचाला आतून साबणाचं पाणी लावतो, गॅरेजातल्या हाताखालच्या पोराला टॉर्च धरायला लावतो आणि नळी आत शिरताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही बोल्ट धरत नाही. या पोरानं पहिल्या महिन्यात दोनदा नळी चुकवली. आता तोच गिऱ्हाइकांना भाषण देतो.

केस शेवटच्या दीड बोटावर अडली तर बोल्ट आवळून वर ओढू नका. प्लगच्या वायरी काढा, वरून कुणाला तरी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, घड्याळाच्या दिशेनं किंचित फिरवायला सांगा. दाते आपोआप बसतात. उलटं फिरवू नका, पाती उलट दुमडतात. ग्रीस शाफ्टच्या दात्यांना लावा, वरच्या टोकावर थापू नका. टोकावर ग्रीस साचलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.

बाकीच्या चुकांना एवढी जागा देण्याची त्यांची लायकी नाही.

इंपेलर बसवताना तो शाफ्टला जखडणारी इवलीशी धातूची चावी विसरणे: शाफ्ट फिरतो, इंपेलर जागेवरच. खिळा कापून चावी करणाऱ्या एका महाभागाला मी हात जोडले आहेत.

रबराला हाताला येईल ते पेट्रोलियम ग्रीस फासणे. भांडी घासायचा द्रव साबण थोडा लावा, काम होतं.

फक्त रबर बदलणे आणि वाटी व तिच्याखालची प्लेट तशीच ठेवणे. वाटीत आणि प्लेटवर नख फिरवा. नख अडलं तर तीही बदला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की पंखा गाळ उडवतो, आणि तो गाळ पंपात सॅंडपेपरचं काम करतो.

धार थांबली की थेट पंप खोलणे. आधी धार जिथून पडते ते मागचं भोक बघा. आमच्याकडे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीत तिथे कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं असतं. ग्रास कटरचा नायलॉन दोरा घाला, निघतं. सुई किंवा खिळा घालू नका. उजनीत जलपर्णी नाही तर प्लास्टिकची पिशवी पाण्याच्या जाळीला चिकटते. इंजिन बंद करा, वर उचला, काढा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्यात पाहुण्यांचा फ्लेमिंगो उडून जाईल म्हणून चालवत राहतात आणि माझ्याकडे येतात.

थर्मोस्टॅट काढून फेकणे. ही आपल्या चारचाकीवाल्या मिस्त्रींची देणगी. आउटबोर्डचा थर्मोस्टॅट साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास उघडतो, म्हणजे गाडीच्या कितीतरी आधी. तो काढला तर इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल नीट जळत नाही आणि प्लग काळे पडतात. शंका असेल तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन गॅसवर उघडतो का बघा. पातेलं घरातलं घेऊ नका, हे स्वानुभवातून सांगतो.

"पाणी गोडं आहे, आपल्याला काय होतंय." मीठ नाही हे खरं, पण रबर वापराविनाही म्हातारं होतं. वर्षभर एकाच जागी दबून राहिलेली पाती वाकडीच राहतात, बाहेर काढली तरी सरळ होत नाहीत. मी दर 100 तासांनी उघडून बघतो आणि तास भरोत न भरोत, वर्षाला एकदा बदलतो. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये याहून जास्त मुदत असते. असू दे. ते लिहिणारा पानशेतला वल्हवत आला नव्हता.

आणि केस सोडवायच्या आधी इंजिन कोणत्या गिअरमध्ये हवं ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, दांडीच्या जोडाचा मोबाइलवर फोटो काढा. मग पाना उचला. जुना इंपेलर पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे आलात तर मी पहिल्यांदा तोच मागणार आहे.